अलास्काच्या क्रूझवर किनाऱ्यावरच्या सहली: कमी खर्चात, गुडघे सांभाळून

प्रश्न: येत्या जूनमध्ये आम्ही दोघे मुलगी, जावई आणि दोन नातवंडांबरोबर सिअॅटलहून निघणाऱ्या सात रात्रींच्या अलास्का क्रूझला जाणार आहोत. जहाज जुनो, स्कॅग्वे आणि केचिकन या बंदरांत थांबेल, एक दिवस ग्लेशियर बेमध्ये असेल आणि परतताना एक संध्याकाळ व्हिक्टोरियाला थांबेल. माझे वय ६६ आणि यजमानांचे ७१. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाट रस्त्यावर ते अर्धा तास चालतात, परंतु जिने आणि चढ-उतार त्यांना जड जातात. क्रूझ कंपनीच्या यादीतले सहलींचे दर पाहून आमचे डोळेच विस्फारले. क्रूझच्या तिकिटांचा खर्च मुलीने केला आहे, त्यामुळे आमच्या सहलींचा खर्च आम्हीच करायचा असे ठरवले आहे. दोघांचे मिळून पाचशे डॉलर, त्यापेक्षा अधिक नाही. एवढ्यात काय घ्यावे आणि काय सोडावे? सहली न घेता जहाजावरच बसून राहिलो, तर जाणे वाया जाईल का? आणि आमच्यामुळे मुलांचा हिरमोड होईल का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटून दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पैशांचा हिशेब आपोआप सोपा होतो. जाणे वाया जाणार नाही. या संपूर्ण प्रवासातले सर्वांत मोलाचे दर्शन तुमच्या तिकिटात आधीच समाविष्ट आहे आणि त्यासाठी जहाजावरून पाऊलही खाली ठेवावे लागत नाही. ते म्हणजे ग्लेशियर बेचा दिवस.

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश दिला जातो आणि १९९२ पासून त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश आहे. त्या दिवशी जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही. उद्यानाचे रेंजर लहान बोटीने येऊन जहाजावर चढतात, दिवसभर ध्वनिक्षेपकावरून आजूबाजूच्या डोंगरांची, हिमनद्यांची आणि प्राण्यांची माहिती देतात आणि डेकवर फिरून प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरेही देतात. खाडीच्या आतल्या टोकाशी असलेल्या मार्जरी हिमनदीची भिंत सुमारे एक मैल रुंद आहे आणि पाण्याच्या वर सुमारे २५० फूट उभी आहे. जहाज तिच्यासमोर बराच वेळ थांबते आणि सावकाश वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना ती दिसते. रेलिंगजवळच्या जागेसाठी धक्काबुक्की करण्याचे काही कारण नसते. बर्फाचा कडा कोसळतो तेव्हा तो आधी पडताना दिसतो आणि त्याचा गडगडाट क्षणभराने कानांवर येतो. म्हणून आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला फक्त उसळलेले पाणी दिसते, तर भिंतीवर शांतपणे नजर ठेवून बसलेल्याला सगळे दिसते. अशा वेळी सत्तरीतला माणूस तिशीतल्या माणसापेक्षा कोठेही उणा पडत नाही.

त्या दिवसासाठी माझा एकच आग्रह आहे. पाचशे डॉलरला हात लावण्यापूर्वी, घरात नसल्यास, एक बरी दुर्बीण घ्या. सात किंवा आठ पट मोठे दाखवणारी पुरेशी असते. त्याहून शक्तिशाली दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि चित्र स्थिर राहत नाही. बर्फाच्या तुकड्यांवर पहुडलेले सील, कड्यावरच्या पहाडी शेळ्या, दूरवर उडणारा देवमाशांचा फवारा हे सारे दुर्बिणीविना नुसते ठिपके वाटतात. एका सहलीच्या तिकिटापेक्षा कमी किमतीत येणारी ही वस्तू सातही दिवस उपयोगी पडेल. जून असला तरी हिमनदीसमोरचा वारा बोचरा असतो, म्हणून कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट हाताशी ठेवा.

आता बंदरांकडे वळू. यादीतल्या सहलींवर सोपी, मध्यम, कठीण असे शिक्के असतात, परंतु त्यांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. हे शिक्के बहुधा किती अंतर चालायचे यावरून दिलेले असतात. तुमच्या यजमानांची अडचण अंतराची नाही, पायऱ्यांची आणि उताराची आहे. एखादी ‘सोपी’ सहल तीन तास बसूनच असेल, पण बसच्या उंच पायऱ्या चार-पाच वेळा चढाव्या-उतराव्या लागत असतील, तर ती त्यांना सपाट रस्त्यावरच्या दोन किलोमीटरपेक्षा जड जाईल. म्हणून सहल ठरवण्यापूर्वी जहाजाच्या सहल-कक्षाला नेमके विचारा: वाहनात चढायला पायऱ्या किती आणि किती उंच, आधाराला कठडा आहे का, वाटेत कितीदा उतरावे लागते, न उतरता आत बसून राहिलेले चालते का, आणि स्वच्छतागृह वाहनातच आहे की वाटेत कुठे. ही चौकशी करताना संकोच बाळगू नका. असे प्रश्न त्यांना रोज येतात.

पैशांबाबत माझे मत असे की तिन्ही बंदरांत थोडेथोडे खर्च करण्यापेक्षा एकच चांगली, बसून करायची सहल घ्यावी आणि उरलेल्या बंदरांत स्थानिक बस व स्वतःचे पाय यांवर भागवावे. ती एक सहल स्कॅग्वेची व्हाइट पास रेल्वे असावी. कॅनडातल्या क्लोंडाइक भागातल्या सोन्याच्या शोधात हजारो माणसे व्हाइट पास या खिंडीच्या वाटांनी चढत होती, त्या काळात, १८९८ मध्ये, या अरुंद रुळांच्या मार्गाचे काम सुरू झाले आणि १९०० मध्ये ते पूर्ण झाले. समुद्रसपाटीपासून निघालेली गाडी सुमारे २० मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मध्ये बोगदे आणि पूल. शिखरापर्यंत जाऊन परतणाऱ्या फेरीला अडीच ते तीन तास लागतात आणि वर कोठेही उतरावे लागत नाही. जाताना डाव्या बाजूला बसल्यास दरी चांगली दिसते. तरीही जागेसाठी जिवाचा आटापिटा करू नका, कारण शिखरावर आसनांच्या पाठी उलट्या फिरवतात आणि परतीला दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना जागांची अदलाबदल करायला सांगतात. डब्यांत स्वच्छतागृह असते. डब्याच्या पायऱ्या मात्र जुन्या धर्तीच्या आणि उंच असतात, हा एकच अडथळा. काही डब्यांना चाकाच्या खुर्चीसाठी यांत्रिक लिफ्ट आहे. तशा डब्याची मागणी आरक्षणाच्या वेळीच करावी लागते, आयत्या वेळी फलाटावर करून उपयोग नाही. खुर्ची वापरत नसलात तरी गुडघ्याचे कारण सांगून विचारून ठेवा.

या गाडीचे तिकीट माणशी दीडशे डॉलरच्या आसपास धरा, म्हणजे दोघांचे साधारण तीनशे. ते जास्त वाटले तर त्याच खिंडीपर्यंत क्लोंडाइक महामार्गाने जाणाऱ्या लहान बसच्या सहली असतात आणि त्या बऱ्याच स्वस्त पडतात. रस्ता दरीच्या पलीकडच्या अंगाने जातो, त्यामुळे देखावा कमी प्रतीचा नाही. मात्र छायाचित्रांसाठी पुन्हा पुन्हा उतरणे-चढणे आले. तुमच्या यजमानांचा विचार करता मी गाडीच्या बाजूने आहे. रस्त्याने जाणार असाल तर पासपोर्ट सोबत घ्या, कारण महामार्गावर सीमा-तपासणी आहे. त्याहून पुढे युकॉनमध्ये जाणाऱ्या सहली तर प्रत्यक्ष कॅनडात शिरतात. शिखरावरून परतणाऱ्या रेल्वे-फेरीला ही अडचण येत नाही.

गाडीतून उतरल्यावर स्कॅग्वे गाव पाहायला पैसे लागत नाहीत. मुख्य रस्ता ब्रॉडवे अगदी सपाट आहे आणि दुतर्फा लाकडी फळ्यांचे पदपथ आहेत. जुन्या रेल्वे-स्थानकाच्या इमारतीत क्लोंडाइक गोल्ड रश राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचे माहिती केंद्र आहे, तिथे प्रवेश विनामूल्य असतो. वाहून आलेल्या लाकडाच्या हजारो काटक्यांनी मढवलेली आर्क्टिक ब्रदरहूड सभागृहाची दर्शनी भिंत जवळच आहे. धक्क्यापासून गावापर्यंतचे अंतर जहाज कोणत्या धक्क्याला लागते त्यावर ठरते. लांबच्या धक्क्याला लागल्यास गावातली बस आहे, तिथे पाय वाचवा.

तुम्ही विचाराल, मग देवमासे पाहण्याच्या सहलीचे काय? जुनोची ती सहल खरोखरच उत्तम असते. जून महिन्यात तिथल्या पाण्यात हंपबॅक देवमासे असतात, बोटी बंदिस्त आणि उबदार असतात आणि नियमानुसार शंभर यार्डांपेक्षा जवळ जाता येत नसले तरी एवढ्या मोठ्या प्राण्यासाठी ते अंतर फार नव्हे. परंतु तिचे तिकीट रेल्वेइतके किंवा त्याहून अधिक पडते, आणि तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट बोटीत चढण्यापूर्वीची आहे. आग्नेय अलास्कात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो. एकाच दिवसात पाणी पंधरा-वीस फुटांनी वर-खाली होते. लहान बोटी ज्या तरंगत्या धक्क्याला बांधलेल्या असतात तो पाण्याबरोबर खाली जातो आणि किनाऱ्यापासून त्याच्यावर उतरणारा लोखंडी पूल तेवढाच तीव्र होत जातो. भरतीच्या वेळी जो पूल जवळजवळ आडवा असतो, तोच ओहोटीला शिडीसारखा भासावा इतका उतरतो, आणि पावसात तो निसरडाही असतो. सहलीच्या माहितीत ‘फारसे चालणे नाही’ असे लिहिलेले असते ते खरेच असते, कारण पूल जेमतेम काही पावलांचा असतो. पण शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला तीच पावले त्रास देतात.

म्हणून देवमासे पाहण्याची फारच ओढ असेल तर मुलीला एक काम सांगा. नोआ या अमेरिकी संस्थेचे जुनोचे भरती-ओहोटीचे तक्ते इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. तुमच्या तारखेला पूर्ण ओहोटी केव्हा आहे ते पाहून, जाण्याची आणि परतण्याची दोन्ही वेळ तिच्यापासून दूर असेल अशी फेरी निवडा. मग मात्र रेल्वे सोडावी लागेल, कारण दोन्ही तुमच्या पाचशेत बसत नाहीत. जहाजावरूनही ग्लेशियर बेच्या तोंडाशी आणि वाटेतल्या सामुद्रधुनींत देवमासे पुष्कळदा दिसतात. तेव्हा बोटीची सहल सोडली तर त्यांच्या दर्शनाला पारखेच व्हाल असे नाही.

जुनोमध्ये माझ्या मते मेंडेनहॉल हिमनदी पाहावी. ती शहरापासून सुमारे १२ मैलांवर आहे आणि धक्क्याजवळून तिथे जाणाऱ्या खासगी बसचे जाण्या-येण्याचे तिकीट साधारण पन्नास डॉलरच्या घरात असते. त्याशिवाय माहिती केंद्राचा प्रवेश दर माणशी ५ डॉलर. शहराची साधी बस फार स्वस्त आहे, पण ती माहिती केंद्रापासून सुमारे दीड मैल अलीकडे सोडते. जाऊन-येऊन ते तीन मैल होतात, म्हणून ती बचत तुम्ही करू नये. खासगी बसना ठरावीक परवाने असतात आणि गर्दीच्या दिवशी जागा संपतात, तेव्हा आधी आरक्षण केलेले बरे. तिथे पोचल्यावर फोटो पॉइंटची वाट घ्या. ती सपाट, पक्की आणि चाकाची खुर्ची जाईल अशी आहे, एका बाजूचे अंतर अर्धा किलोमीटरच्या आसपास, आणि तिच्या टोकाशी तळ्यापलीकडची हिमनदी व उजवीकडे कोसळणारा नगेट धबधबा एका नजरेत दिसतात. धबधब्याच्या पायथ्यापर्यंतची वाट जाऊन-येऊन तीन किलोमीटरहून थोडी अधिक आहे. ती नातवंडांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी करावी आणि तुम्ही दोघांनी तेवढ्या वेळात माहिती केंद्राच्या मोठ्या काचांमागे बसावे. हे केंद्र १९६२ मध्ये उघडले, त्या काळापासून हिमनदी किती मागे हटली आहे हे तिथली जुनी छायाचित्रे पाहिली की कळते. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते आणि तरीही, किंवा त्यामुळेच, ती पाहावी असे वाटते.

धक्क्यालगतच रोपवेचे स्थानक आहे. पाळणा काही मिनिटांत सुमारे १८०० फूट वर नेतो, त्यात श्रम काहीच नाहीत. परंतु तिकीट माणशी साठ डॉलरच्या आसपास जाते आणि वर ढग असले तर पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. हे तिकीट आधी काढू नका. मेंडेनहॉलहून परतल्यावर मान वर करून पाहा. शिखर स्वच्छ दिसत असेल आणि पैसे शिल्लक असतील तरच जा.

केचिकनला पैसे खर्च करण्याची जवळजवळ गरजच नाही. तिथे वर्षाला साडेतीन मीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपी असलेला रेनकोट घ्या; दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे राहतात. मधल्या धक्क्यांवर जहाज लागले तर खाडीवर खांब ठोकून बांधलेली क्रीक स्ट्रीट सपाट रस्त्याने थोड्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात गावातून एक विनामूल्य बस फिरते आणि ती टोटेम हेरिटेज सेंटरपर्यंत नेते, जिथे ट्लिंगिट आणि हैदा या आदिवासींच्या ओस पडलेल्या गावांतून आणलेले एकोणिसाव्या शतकातले मूळ टोटेम खांब, म्हणजे कोरीव चिन्हांचे उंच लाकडी खांब, जतन केले आहेत. उघड्यावर उभे असलेले खांब पाहायचे असतील तर गावाच्या दक्षिणेला दोन-अडीच मैलांवर सॅक्समन आहे आणि तिथे साधी शहर-बस जाते. काही कंपन्यांची जहाजे मात्र गावात न लागता उत्तरेला सुमारे सात मैलांवरच्या वॉर्ड कोव्ह येथे लागतात आणि तिथून प्रवाशांना बसने गावात आणतात. तुमचे जहाज कुठे लागणार हे आधी पाहा, कारण त्या जाण्या-येण्यात तास-दीड तास सहज जातो. नदीत चढणारे सामन मासे आणि त्यांच्यावर टपलेली अस्वले दाखवण्याच्या सहलींची जाहिरात तुम्हाला दिसेल. तुमचा प्रवास जूनमध्ये आहे आणि त्या दृश्याचा खरा हंगाम जुलैच्या मध्यानंतर सुरू होतो, तेव्हा त्या मोहात पडू नका.

सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. जहाजाच्या सहली बहुधा महाग असतात. त्या जादा पैशांत मिळते ती वेळेची हमी, म्हणजे त्यांची बस उशिरा आली तर जहाज तुमच्यासाठी थांबते. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी ते थांबत नाही. मेंडेनहॉलची बस थोड्या थोड्या वेळाने सुटते आणि अंतर कमी आहे, म्हणून ती बाहेरून घेण्यात धोका कमी. अट एवढीच की जहाज सुटण्याच्या वेळेच्या दोन तास आधी तुम्ही धक्क्यावर परत असावे. रेल्वेच्या बाबतीत जहाजाचा दर आणि रेल्वे कंपनीचा दर ताडून पाहा. फरक थोडा असेल तर जहाजाकडूनच घ्या, म्हणजे लिफ्टच्या डब्याची व्यवस्थाही त्यांच्याच गळ्यात राहते. अलास्काची वेळ सिअॅटलपेक्षा एक तास मागे असते आणि मोबाइल आपोआप बदलतो, म्हणून बंदरावर उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवून घ्या.

मुलांच्या हिरमोडाबद्दल लिहितो. मुलीला आजच फोन करून सांगा की बंदरांवर सगळ्यांनी एकत्रच फिरले पाहिजे अशी तुमची अपेक्षा नाही. जावई आणि मुले यांना हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचे असेल किंवा डोंगर चढायचा असेल तर त्यांनी खुशाल जावे. हे तुमच्या तोंडून निघाले तर तिच्या मनावरचे ओझे उतरेल. तिने स्वतः ते सुचवले तर तिला अपराधी वाटेल. रेल्वेची फेरी आणि ग्लेशियर बेचा दिवस मात्र सहाही जणांनी एकत्र घालवण्यासारखे आहेत, आणि नातवंडांना बोगद्यात शिरणारी गाडी आजी-आजोबांच्या शेजारी बसूनच पाहायला आवडेल.

हिशेब असा बसतो: रेल्वे सुमारे तीनशे, मेंडेनहॉल सुमारे एकशेदहा, केचिकनच्या बसचे किरकोळ पैसे, आणि उरलेले साधारण ऐंशी डॉलर व्हिक्टोरियासाठी व चहा-कॉफीसाठी. व्हिक्टोरियाला जहाज बहुधा संध्याकाळी लागते आणि जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. प्रसिद्ध बुचार्ट उद्यान पाहण्यासारखे आहे, पण ते शहरापासून लांब आहे आणि सहा दिवसांच्या प्रवासानंतर रात्री उशिरापर्यंत ताटकळणे तुमच्या यजमानांना झेपेल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा धक्क्यावरून शटल बसने इनर हार्बरला जा, पाण्याकाठच्या सपाट रस्त्यावर तासभर फिरा आणि परत या. एक गोष्ट मात्र आजच तपासा: तुमचे पासपोर्ट भारतीय असतील तर या एका संध्याकाळसाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा. कॅनडाच्या व्हिसाला वेळ लागतो, म्हणून रेल्वेच्या तिकिटांआधी त्याचा अर्ज करा.

कळावे.